मनाची पीकपाहणी

वडगावच्या तहसील कचेरीत जमिनीच्या कागदांसाठी ज्याने एकदा तरी खेटे घातले असतील, त्या मावळातल्या शेतकऱ्याला सात-बाराच्या उताऱ्याची रचना समजावून सांगावी लागत नाही. जमिनीचा धनी कोण, हे नमुना सातमध्ये. ती त्याच्या नावावर कशी चढली, कोणाच्या मृत्यूने, कोणत्या वाटणीने, कोणत्या खरेदीखताने, ही सारी हकीकत फेरफारात. आणि यंदाच्या हंगामात त्या जमिनीत प्रत्यक्ष काय उभे आहे, इंद्रायणी भात आहे, नाचणी आहे की जमीन पड आहे, याची नोंद नमुना बारामध्ये, म्हणजे पीकपाहणीत. फेरफार वाचून जमिनीचा इतिहास कळतो. परंतु तिला यंदा पाणी कमी पडले की रोग लागला, हे त्यावरून कळत नाही, आणि ते कळून घ्यायचे तर बांधावरच जावे लागते. माणसाच्या मनोव्यथांवर उपचार करणाऱ्या शास्त्रात गेल्या शंभर वर्षांत जो मोठा मतभेद झाला, तो एका परीने या दोन नोंदींमधलाच आहे. दुःखी माणूस समोर येऊन बसला असता त्याच्या मनाचा फेरफार आधी वाचावा की पीकपाहणी आधी करावी?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्ना येथे सिग्मंड फ्रॉइड यांनी ज्या मनोविश्लेषणाचा पाया घातला, त्याचा भर अर्थातच फेरफारावर होता. आजच्या भीतीचे, आजच्या अपराधभावनेचे मूळ बालपणातील एखाद्या विस्मृत अनुभवात दडलेले असते, आणि रुग्णाला त्या अनुभवापर्यंत मागे नेऊन विस्मरणाचा पडदा दूर केला म्हणजे लक्षणाचा आधारच नाहीसा होतो, अशी त्यामागील धारणा होती. या शोधाचे ऋण आजचा कोणताही मानसोपचारक नाकारू शकणार नाही. परंतु स्वतः फ्रॉइड यांच्याच नजरेस एक विलक्षण गोष्ट आली होती आणि १९१४ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी ती नमूद करून ठेवली आहे: रुग्ण आपला भूतकाळ आठवण्याऐवजी पुष्कळदा तो कृतीने पुन्हा उभा करतो. ज्याचे बालपण वडिलांच्या धाकात गेले, तो मनुष्य ‘मी वडिलांना फार भीत असे’ असे सांगेलच असे नाही. तो उपचारकासमोर खुर्चीच्या कडेवर अवघडून बसतो, प्रत्येक वाक्यानंतर त्याच्या मुद्रेकडे पाहतो, आणि पाच मिनिटे उशीर झाला तर पाच वेळा क्षमा मागतो. तात्पर्य, भूतकाळ शोधण्यासाठी दर वेळी मागे जाण्याचे प्रयोजन नसते. तो चालू घटकेला समोर हजर असतो, आणि जिथे तो हजर आहे तिथेच त्याच्याशी बोलता येते. वर्तमानावर दृष्टी ठेवणाऱ्या सर्व उपचारपद्धतींचे मर्म या एका निरीक्षणात आहे, असे माझे मत आहे.

पुढे हा धागा अनेकांनी उचलला. जपानमध्ये शोमा मोरिता यांनी, भीती आधी जाईल आणि मग काम सुरू करू अशी वाट न पाहता भीती सोबत असतानाच समोरचे काम हाती घेण्यास रुग्णांना शिकवले. फ्रिट्झ पर्ल्स यांनी ‘तेव्हा काय झाले’ या प्रश्नाऐवजी ‘आत्ता काय होत आहे’ हा प्रश्न उपचाराच्या केंद्रस्थानी आणला. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती तर असे सांगते की, मनुष्याला आज जो क्लेश होतो तो वीस वर्षांपूर्वीच्या घटनेने होत नाही. त्या घटनेविषयी तो आज, या क्षणी, स्वतःला जे बजावीत असतो त्याने होतो. या पद्धतीचे महाराष्ट्रावर विशेष ऋण आहे, कारण डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि मराठीत रुजवली, आणि ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या ‘आयपीएच’ या संस्थेने ती व्याख्यानांतून व कार्यशाळांतून सामान्य कुटुंबांपर्यंत नेली. त्याविषयी मराठीत विपुल लेखन उपलब्ध असल्याने येथे अधिक विस्तार करीत नाही. ज्या प्रयोगाविषयी मराठी वाचकाला फारसे सांगितले गेलेले नाही, त्याचे एक टोक मुंबईत आणि दुसरे लोणावळ्यात आहे.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ साली गुजरातेतील डभोई येथे झाला. बडोद्यास प्रो. माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी शरीर घडवले, अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शिक्षणकार्यात उमेदीची वर्षे घालवली, आणि नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याकडून योगाची दीक्षा घेतली. राष्ट्रीय शिक्षण आणि व्यायाम यांनी भारलेल्या त्या काळात असे योगाभ्यासी तरुण अनेक असतील. परंतु गुण्यांचे वेगळेपण असे की, गुरूने शिकवले ते खरे आहे एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या पोकळीत नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरण यंत्रापुढे प्रयोग केले आणि नौलीच्या वेळी आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षाही खाली उतरतो असे दाखवून दिले. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखल्या गेलेल्या या पुरुषाने १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर त्रैमासिक सुरू केले. १९२७ साली प्रकृती ढासळली असता महात्मा गांधींनीही याच स्वामींशी पत्राने सल्लामसलत केली होती.

योग म्हटला की चमत्कार, आणि चमत्कार म्हटला की पुराव्याला फाटा, अशी जी सार्वत्रिक रीत तेव्हा होती (आणि आजही आहे), तिला लोणावळ्याच्या या प्रयोगशाळेने दिलेला नकार मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याचा एक उत्तम दाखला कोवूर बेहनन यांच्या अभ्यासात सापडतो. हे केरळातील मानसशास्त्रज्ञ अमेरिकेच्या येल विद्यापीठातून १९३०च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यास आले, कुवलयानंदांच्या हाताखाली स्वतः प्राणायाम शिकले, आणि १९३७ साली त्यांनी आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांतील काही निष्कर्ष योगाच्या भाबड्या पुरस्कर्त्याला रुचण्याजोगे नव्हते. प्राणायाम करताना शरीराला प्राणवायू कमी लागतो ही समजूत खोटी ठरली. उज्जायीसारख्या प्रकारांत तो उलट अधिक खर्च होतो असे मोजमापाने दिसले. प्राणायामानंतर लगेच बेरजा करणे, रंगांची नावे सांगणे अशा चाचण्या घेतल्या असता बुद्धीचा वेग वाढण्याऐवजी मंदावलेला आढळला. मात्र या मंदावण्याबरोबरच भावनांचा क्षोभही शमतो, हेही बेहनन यांनी नोंदवले. चिंतेने ग्रासलेल्या माणसाला गणित जलद सोडवण्याची निकड नसते. त्याचे मन आधीच फार वेगाने आणि फार दूर धावत असते, आणि त्याला हवी असते ती गती उतरवण्याची युक्ती. एका अर्थी ‘प्रतिकूल’ ठरलेला तो निष्कर्ष मनोव्यथेच्या उपचाराच्या दृष्टीने अनुकूलच होता.

त्याचा उपयोग व्हायला आणखी तीन दशके जावी लागली. १९६३ साली कुवलयानंद आणि कैवल्यधामातील त्यांचे सहकारी डॉ. एस. एल. विनेकर यांनी योगोपचाराची मूलतत्त्वे सांगणारे एक छोटेखानी इंग्रजी पुस्तक लिहिले, जे केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने प्रसिद्ध केले. आसनांची यादी देऊन मोकळे होणारे ते पुस्तक नव्हे. उपचाराचा आरंभ त्यांनी चित्तवृत्ती सुधारण्यापासून केला आहे आणि शरीराच्या स्नायूंचे व ग्रंथींचे पुनःशिक्षण हे त्याच्या जोडीने यावे असे प्रतिपादन केले आहे. याच सुमारास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मनोविकार विभागाचे काम पाहणारे डॉ. एन. एस. वाहिया एका अडचणीत होते. पश्चिमेकडून आलेले मनोविश्लेषण वर्षानुवर्षे चालणारे, खर्चाचे आणि भाषेवर मोठी भिस्त ठेवणारे; आणि परळच्या बाह्यरुग्ण विभागात रोज रांग लावणारा गिरणी कामगार, कारकून, गृहिणी यांना त्यासाठी ना सवड, ना ऐपत. वाहिया यांनी विनेकर आणि डॉ. दूनगाजी यांच्यासह पतंजलीच्या योगसूत्रांतील पायऱ्यांवर आधारलेली एक उपचारपद्धती बसवली आणि १९६६ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री’ या नियतकालिकात तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

या पद्धतीचा तपशील पाहण्यासारखा आहे. रुग्णाने काही आठवडे रोज ठरल्या वेळी रुग्णालयात यायचे. प्रथम आसने, मग प्राणायाम. ही दोन अंगे साधू लागली की प्रत्याहार, म्हणजे बाहेरच्या विषयांमागे धावणाऱ्या लक्षाला परत वळवण्याचा सराव. त्यानंतर एका विषयावर लक्ष टेकवणे, आणि अखेरीस तेथेच स्थिरावणे. याबरोबर रुग्णाने एक वही ठेवायची आणि सरावाच्या वेळी जे जे विचार मनात आले ते काटछाट न करता त्या वहीत उतरवायचे. मग उपचारक ती वही घेऊन रुग्णाशी बोलत असे. मला या पद्धतीतील ही वही सर्वांत मोलाची वाटते. तिच्यात बालपणाची जबानी मागितलेली नाही. आज सकाळी, या सतरंजीवर, श्वास सोडताना काय आले, एवढेच विचारले आहे. आणि तरीही ज्याच्या मनात जुने वैर आहे त्याच्या वहीत ते वैर आठवडाभरात उतरल्याशिवाय राहत नाही. भूतकाळाला बोलावणे न धाडता तो आपल्या पायांनी चालत येतो, आणि आला म्हणजे तो आजच्या वेषात, आजच्या श्वासासकट येतो, म्हणून त्याच्यावर काही करता येते.

वाहिया यांनी पुढे तुलनेचीही व्यवस्था केली. नेहमीच्या औषधांनी ज्यांना गुण आला नव्हता अशा रुग्णांपैकी एका गटास संपूर्ण पद्धती दिली, तर दुसऱ्यास आसन-प्राणायामासारखे दिसणारे पण मनाला वळवण्याची अंगे वगळलेले व्यायाम दिले. पहिल्या गटाची सुधारणा अधिक ठरली. आजच्या कसोट्यांनी पाहता त्या चाचण्या लहान होत्या हे कबूल करायला हवे, परंतु प्रश्न अचूक विचारला गेला होता. केवळ अंग वाकवल्याने गुण येतो की लक्ष परत आणण्याच्या सरावाने? पश्चिमेत जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यालयात १९७९ साली सजगतेवर आधारलेला तणावनिवारणाचा कार्यक्रम सुरू केला, आणि पुढे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स व जॉन टीसडेल यांनी त्याला विचारोपचाराची जोड देऊन, वारंवार उलटणाऱ्या औदासीन्याला आळा घालणारी पद्धती सिद्ध केली. परळमध्ये हा प्रश्न त्यांच्या आधी विचारला गेला होता, याचा अभिमान बाळगण्यापेक्षाही, ते काम आपल्याकडे पुढे का नेले गेले नाही याची खंत मला अधिक वाटते. ज्या बौद्ध परंपरेतील श्वासस्मृतीच्या साधनेतून कबाट-झिन यांनी स्फूर्ती घेतली, त्या परंपरेच्या भिक्षूंसाठी कोरलेले विहार भाजे, कार्ले आणि बेडसे येथे, लोणावळ्यापासून जवळच, दोन हजार वर्षांहून अधिक काळ उभे आहेत.

प्रत्यक्ष उपचाराच्या खोलीत हे सारे कसे घडते? समजा, तळेगावच्या कारखान्यात पाळीने काम करणारा, मळवलीकडच्या एका गावचा चाळिशीतला माणूस मानसोपचारकाकडे आला आहे. झोप नाही, चिडचिड फार, कारखान्यात दोनदा चूक झाली. कारण विचारले की तो न थांबता एकच कैफियत मांडतो: वडिलार्जित जमिनीच्या विक्रीच्या वेळी थोरल्या भावाच्या सांगण्यावरून त्याने सही केली, भाव पडता मिळाला, आणि शेजारच्याच जमिनीला दोन वर्षांत चौपट दर आला. ही कैफियत त्याने बायकोला, मेव्हण्याला, पाळीवरच्या सोबत्यांना इतक्या वेळा ऐकवली आहे की शब्दही ठरून गेले आहेत.

“मी तेव्हा सही करायलाच नको होती, ताई.”

“हे बोलताना तुमची उजवी मूठ वळली आहे. लक्षात आलं का?”

तो हाताकडे पाहतो. “नाही. आत्ता बघतोय.”

“असू द्या तशीच. आणखी कुठं काय जाणवतंय?”

“छातीत भरून आल्यासारखं झालंय. श्वास वरच्या वर चाललाय.”

“थोडं तिथंच थांबू या. घाई नाही.”

मिनिटभर कोणी बोलत नाही. मग तो, न विचारता, अगदी वेगळे वाक्य बोलतो: “भावाचा फोन वाजला की असंच होतं. मी उचलतच नाही.”

ठरलेली कैफियत सुटून या नव्या वाक्यापर्यंत येण्याला जो वेळ लागतो, तोच उपचाराचा वेळ होय. सही होऊन गेली. ती आता कोणत्याही मानसोपचारकाला पुसता येणार नाही. पण भावाचा फोन परवा आला होता आणि उद्याही येणार आहे. वाजणारा फोन, चढणारा श्वास, वळणारी मूठ आणि खिशात परत जाणारा हात ही साखळी आजची आहे, आणि तिच्या कोणत्या तरी कडीवर या माणसाचा अधिकार चालू शकतो. उपचारक त्याला ‘भावाला क्षमा करा’ असा उपदेश करीत नाही. पुढच्या आठवड्यासाठी एवढेच ठरते की फोन आला की आधी तीन श्वास पूर्ण सोडायचे, मूठ उघडी आहे का ते पाहायचे, आणि एकदा तरी तो उचलून, जमिनीचा विषय न काढता, आईच्या औषधांविषयी विचारायचे. संध्याकाळच्या लोकलमध्ये बसून, कामशेत यायच्या आत, काय झाले ते दोन ओळींत लिहायचे. पुढच्या खेपेला तो सांगतो की फोन उचलला, पण तिसऱ्या वाक्याला आवाज चढला. उपचारकाला यात अपयश दिसत नाही. कोणत्या शब्दाला आवाज चढला, हे ती विचारते, आणि तेथून त्या दिवसाचे काम सुरू होते. सहीचा विषयही मग निघतोच, परंतु आता तो पाठ केलेली कैफियत म्हणून निघत नाही. ‘मला कोणी विचारलंच नाही’ या दुखऱ्या वाक्याच्या रूपाने निघतो, आणि त्या वाक्याचे मूळ सहीच्याही पलीकडे, धाकटेपणात, असल्याचे त्यालाच उमगते.

वर्तमानाकडे पाहणे म्हणजे क्षणाची मौज लुटणे, असा एक समज अलीकडे फार बळावला आहे. पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्यास लोटणाऱ्या गर्दीला कोणी तो विकतही असेल. मानसोपचारातील वर्तमान त्याहून कष्टाचा आहे, कारण त्यात सुखद तेवढेच निवडून घेण्याची मुभा नाही. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली सुमारे सव्वादोन हजार लोकांना दिवसातून अवचित वेळी फोनवरून विचारले, तेव्हा जवळजवळ निम्म्या वेळी त्यांचे मन हातातल्या कामावर नव्हते, आणि मन भटकलेले असताना ती माणसे एकंदरीत कमी सुखी होती. रटाळ कामाच्या वेळीसुद्धा हाच अनुभव आला, हे विशेष.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात वर्तमानात राहण्याचे हे तत्त्व अधिक कठोर रूपात दिसते. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने, अनिल अवचट यांच्या साथीने आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली सुरू झालेल्या या केंद्रात व्यसनी माणसाकडून जन्मभराची शपथ मागितली जात नाही. फक्त आजचा दिवस, ही तिथली रीत आहे. ती अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या चळवळीकडून आली. ज्याने आजवर अनेक शपथा मोडल्या आहेत त्याचा शपथेवरचा विश्वास उडालेला असतो, आणि पुढची तीस वर्षे दारूवाचून काढायची हा विचारच त्याला संध्याकाळी पुन्हा गुत्त्याकडे नेतो. आज रात्री झोपेपर्यंतचा अवधी मात्र त्याच्या आवाक्यातला असतो.

तरीही या पद्धतीच्या मर्यादा सांगितल्या नाहीत तर प्रकरण अप्रामाणिक होईल. ज्या बाईला घरात मारहाण होते, तिला श्वासाकडे लक्ष द्या म्हणणे हा उपचार नव्हे, अन्याय आहे; तिचा वर्तमान म्हणजे ती मारहाण, आणि तिला प्रथम हवे ते सुरक्षित छप्पर व २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचे संरक्षण. ज्याच्यावर भीषण आघात झाला आहे, अशा माणसाला डोळे मिटून आत पाहायला लावले तर तो प्रसंग जसाच्या तसा अंगावर येण्याचा धोका असतो. तेथे जाणता उपचारक डोळे उघडे ठेवायला सांगतो, पाय जमिनीवर टेकवायला सांगतो, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे घ्यायला लावतो, आणि आतल्या प्रवासाची घाई करीत नाही. ज्याला भास होत आहेत, वस्तुस्थितीचे भान सुटले आहे, त्याला आधी मनोविकारतज्ज्ञाकडे आणि औषधांकडे नेले पाहिजे. आणि ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येत आहेत, त्याच्या बाबतीत पुढच्या आठवड्याच्या भेटीची वाट पाहायची नसते. उपचारकाने तो प्रश्न आडपडदा न ठेवता, थेट शब्दांत विचारला पाहिजे, घरच्यांना विश्वासात घेतले पाहिजे, कीटकनाशकाची बाटली घरातून हलवली पाहिजे. आणि रात्री-अपरात्री कोणी हाताशी नसेल तर केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मावळातल्या कोणत्याही वाडीवरून, विनाशुल्क आणि मराठीत बोलण्याच्या सोयीसह, लावता येतो.